काँटॅक्ट शीट

सांगलीच्या ज्या स्टुडिओत मी उमेदवारी केली, तिथे कॅमेरा हातात येण्याच्या कितीतरी आधी काँटॅक्ट शीट काढण्याचं काम वाट्याला आलं. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन वाळला की सहा-सहाच्या पट्ट्या कापायच्या, लाल दिव्याच्या उजेडात आठ बाय दहाच्या कागदावर ओळीने मांडायच्या, वर जाड काच दाबायची, एन्लार्जरचा दिवा काही सेकंद लावायचा आणि कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा. टपाल तिकिटाएवढे छत्तीस फोटो हळूहळू वर यायचे. मग मालक भिंग घेऊन बसत आणि लाल पेन्सिलीने पसंतीच्या फोटोंभोवती चौकट काढत. चौकटीतले अल्बममध्ये जायचे. शीट पाकिटात, पाकीट कपाटात.

मला मात्र चौकट न पडलेल्या फोटोंचाच नाद लागला.

पुढे लग्नाच्या ऑर्डरी एकट्याने करू लागलो, तेव्हा मालक माझ्या शीट्स बघून वैतागायचे. मंगलाष्टकांआधीच्या पट्ट्यांमध्ये नवरा-नवरीचा पत्ताच नसायचा. मांडवाच्या कडेला खुर्चीवर टेकलेला बँडवाला, क्लॅरिनेट मांडीवर आडवं, नजर वरात येणाऱ्या रस्त्याकडे. ताम्हन धरून ताटकळलेली कुणाची तरी मामी. पंगतीत वाढप्याची वाट बघता बघता बोटाने मीठ चाटणारं पोर. "ह्यांच्या बापाने ऑर्डर दिलीय का आपल्याला?" मालक विचारायचे. रोल महाग होता, त्यांचं काही चुकत नव्हतं.

मुंबईत एका वर्तमानपत्राच्या फोटो-संपादकांकडे काम मागायला गेलो, तेव्हा मोठ्या प्रिंट्स घेऊन गेलो होतो. त्या त्यांनी भराभर उलटल्या आणि म्हणाले, "शीट्स आहेत का?" शीट्सवर मात्र बराच वेळ भिंग फिरलं. "तुला वाट बघणारी माणसं दिसतात. तीच काढ." नोकरी त्यांनी दिली नाही. पण एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी, रेशनची रांग, कोर्टाचं आवार अशा ठिकाणी मी पुढची वर्षं काढली ती त्या एका वाक्यावर. घर चाललं ते लग्नाच्या सीझनवर, आणि त्यात कमीपणा वाटावा असं काही मला कधी दिसलं नाही.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने 1955-56 मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे 27,000 फोटो काढले. 'द अमेरिकन्स' या पुस्तकात त्यातले 83 आले. त्याच्या काँटॅक्ट शीट्स आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्या 83 फोटोंना शैली म्हणून नावाजलं जातं, पण फ्रँकला ती सापडली ती बाकीच्या हजारोंमधून, असं माझं मत आहे.

गेल्या दिवाळीत मिरजेची एक मुलगी घरी आली. "सर, माझी स्टाइलच बसत नाहीये. वेडिंग करू, फॅशनसाठी मुंबईला जाऊ, की स्ट्रीट करू?" फोनवर निवडक फोटो होते, सगळे एकाच प्रीसेटमधून निघालेले, तपकिरी झाक असलेले. त्यात सतार घडवणारा म्हातारा कारागीर होताच. मिरजेतला फोटोग्राफर सतारवाल्यांच्या गल्लीत गेल्याशिवाय राहत नाही. फोटो वाईट नव्हते. पण ते तिचेच आहेत असं काही त्यात नव्हतं.

"टाकून दिलेले आण," म्हटलं.

बरेचसे तिने कॅमेऱ्यातच उडवले होते. तरी काही लग्नांच्या फाइली हार्ड डिस्कवर शिल्लक होत्या. लॅपटॉपवर बारीक करून ओळीने लावल्या, झाली काँटॅक्ट शीट. नवरीच्या मेकअपच्या फोटोंत नवरीचा चेहरा अर्धा कापलेला आणि ब्रश धरलेला हात मात्र लख्ख. मांडववाला दातांत सुतळी धरून गाठ मारतोय. त्या एकाच गाठीचे आठ-नऊ फोटो, दर फोटोत ही मुलगी पाऊलभर पुढे सरकलेली. जनरेटर उघडून बसलेला मेकॅनिक, कानामागे स्क्रू-ड्रायव्हर. वरातीचे मोजून दोन, तेही हललेले.

या मुलीला काम करणारे हात दिसतात. आणि त्यावर पोट भरतं. मित्तर बेदींनी मुंबईत कारखाने आणि यंत्रं यांच्याच फोटोंवर नाव मिळवलं. तिला मी कोल्हापूरच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे माग आणि सांगलीचा हळदबाजार सुचवला. कॅटलॉगला, वेबसाइटला यांना फोटो लागतातच आणि पुष्कळदा ते मॅनेजरच्या फोनवर काढलेले असतात. लग्नं सोडू नकोस, हेही सांगितलं. चातुर्मासात लग्नं थांबतात, फाउंड्रीची भट्टी थांबत नाही. फॅशन करू नकोस असं मी म्हणालो नाही. तिच्या फाइलींमध्ये फॅशन कुठे दिसली नाही, एवढंच म्हणालो. ती थोडी हिरमुसली. फॅशन फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफीत आले ते पस्तिशी ओलांडल्यावर, हे सांगितल्यावर जरा सावरली.

तुम्हीही याच फेऱ्यात असाल, तर कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात फोटो उडवणं आधी बंद करा. नव्या लेन्सपेक्षा हार्ड डिस्क कितीतरी स्वस्त पडते. वर्षाचे सगळे फोटो, हललेले, कापलेले, काळपट, एकदा ओळीने लावा. आणि दाखवायला मावशी-आत्या नकोत, एखादा खवचट माणूस बोलवा.