रडतां रडतां घेतलेलें माप

गतवर्षीं आमच्या धाकट्या भगिनीस दिवस भरण्यापूर्वींच, एकतिसाव्या आठवड्यांत, पुत्र झाला. वजन अवघें १,४०० ग्रॅम. चौतीस आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या अथवा २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आंत तपासावा, असा आपल्या देशांतील वैद्यांचा दंडक आहे. त्याप्रमाणें नेलें असतां पडदा ठीक निघाला. परंतु डॉक्टरीणबाईंस एका बुबुळावर धूसरता दिसली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती पुष्कळदां स्वाभाविक असते. तथापि तीच काचबिंदूची खूणही असूं शकते. अर्भकाच्या डोळ्याचें कवच मऊ. आंतील दाब वाढला म्हणजे डोळाच ताणून मोठा होतो व दृष्टीची नस नासते. ती पुन्हा बरी होत नाहीं. म्हणून दाब मोजणें प्राप्त झालें.

१९०५ सालीं नॉर्वेच्या शिओत्झ यांनीं प्रचारांत आणिलेलें उपकरण बुबुळावर ठेवून, त्यांतील दांडी किती रुतते यावरून दाब काढीत. त्याकरितां डोळा थेंबांनीं बधिर करावा लागे. आतां एक हलकी सळई क्षणमात्र बुबुळास स्पर्शून परत फिरते व त्या गतीवरून यंत्र आंकडा सांगतें. थेंबही लागत नाहींत.

पण बाळ तें बाळ! त्यानें आकांत मांडला, पापण्या घट्ट मिटल्या. आंकडा आला २८. प्रौढांत पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर ही साधारण मर्यादा, हें आम्हांस ठाऊक होतें. भगिनीच्या मुद्रेकडे पाहवेना. डॉक्टरीणबाई शांतपणें म्हणाल्या, "रडण्यानें व पापण्या आवळल्यानें दाब चढतो. रडतां रडतां घेतलेलें माप आम्ही वहींत लिहीत नाहीं. त्याला पाजा, निजूं द्या."

घटकाभरानें निजल्या बाळाचें माप घेतलें : १५. तरी एका आंकड्यावर न विसंबतां त्यांनीं बुबुळाची रुंदी मोजली, डोळ्याचा मागील भाग पाहिला व पंधरवड्यानें पुन्हा बोलाविलें. तोंवर धूसरता निवळली होती. देवाचे आभार मानून आम्ही घरीं आलों.

परततांना मात्र आम्हांस आमची गुणांची वही आठवली. तोंडी परीक्षेंत एक विद्यार्थी भीतीनें रडूं लागला असतां आम्हीं त्याच्या नांवापुढें शून्य मांडून पुढील नांव पुकारिलें होतें. शाळा उघडतांच त्यास खोलींत बोलाविलें, पाणी दिलें, आणि तो स्थिर होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलों. मग तेच पांच प्रश्न पुन्हा विचारिले. त्यास चार आले.