जोडीचे कार्बोरेटर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कल्याण-शीळ रस्त्यावर मामूंच्या राजदूत 350 चा डावा पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागच्या जागी अडलं. माझ्या मागे तेरा वर्षांची लेक बसली होती. क्लच दाबायचं सुचलं, म्हणून आम्ही फरफटत कडेला लागलो आणि मागून येणारा ट्रेलर हॉर्न वाजवत निघून गेला. घरी काही सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. पण तिच्या सलवारीवरच्या ऑइलच्या डागाने सगळं सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "विकून टाका ती."

चूक गाडीची नव्हती, माझी होती.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 मध्ये यामाहाची आरडी 350 भारतात राजदूत या नावाने आणली. हवेवर थंड होणारं 347 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतःचा मिकुनी कार्बोरेटर. लोकांना तिचं पेट्रोल परवडलं नाही, दहा वर्षांच्या आतच ती बंद झाली. मामूंनी ती सेकंडहँड घेतली आणि मरेपर्यंत सोडली नाही. त्यांची मुलं आखातात स्थायिक झाल्यामुळे चावी माझ्याकडे आली. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे, ज्याने तोवर फक्त प्लग बदलला होता.

उजवा कार्बोरेटर ठीक होता, डावा गळत होता. मी डाव्याच्या जागी बाजारातून नवा कोरा आणून बसवला. दिसायला हुबेहूब. गाडी स्लोला उभी राहिली, मी खूश झालो आणि लेकीला मागे बसवून निघालो.

कल्याणच्या दूधनाक्याजवळचे उस्ताद मामूंच्या काळापासून ही गाडी बघतात. आता सत्तरी ओलांडली आहे आणि कान जवळजवळ गेले आहेत. आयुष्यभर सायलेन्सरशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी दोन्ही कार्बोरेटर खोलून फडक्यावर शेजारी ठेवले आणि आतल्या स्लाइड माझ्या हातात दिल्या. स्लाइडच्या खालच्या कडेला तिरका काप असतो. नव्याचा काप मोठा होता, म्हणजे थोडी रेस दिली की त्यातून हवा जास्त जाणार. त्यात डाव्या बाजूचं मॅनिफोल्डचं रबर वाकवून पाहिलं तर भेग. हवा दोन्हीकडून जास्त, पेट्रोल कमी. अशा मिश्रणावर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. उजवा मात्र मजेत चालत होता, म्हणून मला पत्ताच लागला नाही. एकच कार्बोरेटर असता तर दोन्हीकडे सारखी कुरबुर झाली असती आणि मी थांबलो असतो. फोक्सवॅगनच्या हवेवर थंड होणाऱ्या व्हॅनमध्ये 1972 च्या सुमारास दोन सोलेक्स कार्बोरेटर आले, तिथेही दुखणं हेच.

"मास्तर, नवा-जुना बघू नका, जोडी बघा," उस्ताद म्हणाले. नवा त्यांनी डब्यात टाकला. जुन्या दोघांना एकाच मापाचे जेट घातले, सुईची क्लिप एकाच खाचेत, फ्लोटची उंची सारखी. दोन्ही सिलिंडर एकाच ओव्हरसाइजला बोअर करून घेतले. बीएडला मी लिहिलं होतं की दोन विद्यार्थ्यांना एका पट्टीने मोजू नये. इथे पट्टी एकच हवी.

मग खरं काम. एकाच मुठीतून दोन केबल निघतात आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जायला हव्यात. उस्तादांनी एअर फिल्टरची रबरं काढली, सायकलच्या दोन तारा घेतल्या आणि दोन्ही स्लाइडखाली एकेक दाबून ठेवली. मी इंजिन बंद ठेवून मूठ हळूहळू पिळायची आणि लेकीने ताराकडे बघायचं.

"उजवी आधी पडली, उस्ताद!"

त्यांना ऐकू गेलं नाही. तिने उजवं बोट वर केलं. त्यांनी केबलचा नट अर्धा आटा फिरवला. पुन्हा मूठ, पुन्हा बोट. अकराव्या खेपेला दोन्ही तारा एकत्र वाजल्या आणि तिने दोन्ही हात वर केले. ऑइल पंपाची केबलही याच मुठीला बांधलेली असते. ती जुळवली नाही तर सगळी मेहनत फुकट, म्हणून तिची खूणही लगेच पाहून घेतली.

मग हवेचे स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण बंद आणि दीड फेरा उघडे. गाडी चालू केली तेव्हा उस्ताद मागे गेले, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी एकेक तळवा धरून उभे राहिले. पूर्वी ते हे कानाने करायचे. डाव्या तळव्यावर धक्का कमी लागला की मान डावीकडे कलायची आणि मी डाव्या स्लोचा स्क्रू किंचित आत घ्यायचो. एकदा त्यांनी लेकीला बोलावून तिचे हात तिथे धरायला लावले. ती डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, अजून डावाच मागे आहे." होताच.

दुर्गाडीचा पूल ओलांडून मी एकटाच कोनपर्यंत जाऊन आलो. रेस चढती असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून कडेला थांबायचं आणि प्लग काढायचे, असं उस्तादांनी बजावलं होतं. हळूहळू थांबलात तर प्लग स्लोचाच रंग दाखवतो. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त. दोन्ही रुमालात बांधून आणले. लेकीने ते उन्हात धरले. दोन्ही चॉकलेटी होते, उजवा जरा फिका. उस्तादांनी उजव्याची सुई एक खाच वर घेतली आणि सांगितलं, पुन्हा जाऊन या.

आता गाडी दर रविवारी सकाळी निघते. केबल ताणतात, म्हणून महिन्यातून एकदा त्या सायकलच्या तारा बाहेर येतात. त्या लेकीच्या कंपासपेटीत असतात. तिला मागे बसायची परवानगी अजून मिळालेली नाही.