दप्तर खाली ठेवायचे का?

गेल्या वैशाखी पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब त्रिरश्मी लेणीवर गेलो होतो. पायथ्याच्या बुद्ध स्मारकात वंदना झाली आणि आम्ही पायऱ्यांकडे वळलो. आई गुडघ्याला हात लावत एकेक पायरी चढत होती. आमची थोरली मात्र सरळ वर पळत गेली, लेणीला वंदन करून खाली आली आणि आजीचा हात धरून पुन्हा वर चढू लागली. तिला दम लागला नव्हता. आमच्याच वस्तीतले एक ओळखीचे गृहस्थ हे बघत उभे होते. जयभीम घालून ते म्हणाले, "पोरीच्या पायात दम आहे. शाळेत घालून वाया घालवू नका. ॲकॅडमीत टाका."

त्या दिवसापासून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो मी इथे मांडतो आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आज हाच वाद चालू असेल, याची मला खात्री आहे. पूर्वी आपल्या पोरांना खेळात कोणी विचारत नव्हते. आता नाशिकमध्ये पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा पंचवटीतील मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलात जाऊन उभे राहिले, तर आदिवासी पाड्यांवरची, कामगार वस्तीतली पोरे-पोरी धावताना दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. सुट्टी बघून आम्ही नवरा-बायको मुलीला घेऊन शहराबाहेरची ती ॲकॅडमी पाहायला गेलो. मैदान चांगले होते. राहायची सोय होती. प्रशिक्षक गोड बोलणारे होते. "शाळेचं टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले, "नाव इथल्या एका शाळेत राहील, रोज जायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस, दुपारी मोबाइलवर क्लास. नाहीच जमलं तर दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू." महिन्याची फी माझ्या पगाराच्या निम्म्याहून अधिक होती. मी विचारले, "साहेब, तुमच्या इथली किती मुलं गेल्या वर्षी दहावी पास झाली?" त्यांनी मला पदकांचे फोटो दाखवले. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी चहा मागवला.

बसमध्ये मुलगी खिडकीशी बसून होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "पप्पा, मला तिथंच राहायचंय." मी काही बोललो नाही.

रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघे बसलो. माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. तिचे लग्न दहावीनंतर झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. पुढे गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, म्हणजे १९८९ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्याच विद्यापीठाची, तिला माहिती मिळाली. त्या वेळी बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो पुरा करून ती घरकाम, अंगणवाडी आणि दोन मुले सांभाळून बी. ए. झाली. म्हणून मला वाटले होते की मोबाइलच्या शिक्षणाला तीच होकार देईल. पण ती म्हणाली, "अहो, मी घरी बसून शिकले ते खरं. पण मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, आणि आपण का शिकतोय हे कळत होतं. रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन शंका विचारायचे. तेरा वर्षांच्या पोरीला दोन वेळा पळवून दमवायचं आणि दुपारी मोबाइल हातात द्यायचा, हे माझ्यासारखं कसं होईल? ती झोपेल, नाहीतर दुसरंच काही बघत बसेल."

मग तिने मला टाळेबंदीची आठवण दिली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे सरकार सांगत होते. शिक्षकांनी आपल्या परीने धडपड केली, त्यांना दोष नाही. पण आमच्या घरात फोन एकच, आणि तो माझ्या खिशात. मी पाळीवरून आलो की दोघा भावंडांत भांडण. कधी रेंज नाही, कधी रिचार्ज संपलेला. आमची थोरली तेव्हा दुसरीत होती. शाळा पुन्हा भरली तेव्हा तिला जोडाक्षरे वाचता येत नव्हती आणि हातच्याची वजाबाकी ती पार विसरली होती. हे भरून काढायला तिच्या आईला पुढची दोन वर्षे रोज संध्याकाळी बसावे लागले. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली, स्वतंत्र संगणक आणि शिकवायला शिकलेले आई-बाप आहेत, त्यांच्या मुलांना पडद्यावरची शाळा कदाचित पुरत असेल. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती पुरली नाही, हे आपण सोसले आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहावे लागेल. त्याची परवानगी घेऊन लिहितो. तो कबड्डीचा उत्तम चढाईपटू होता. १९९४ साली नववीत असताना त्याने शाळा सोडली. एका मंडळाने त्याला गावोगावच्या सामन्यांना नेले. 'कंपनीच्या संघात लावून देतो' असा शब्द दिला. आमचे वडील अडाणी होते, त्यांना वाटले पोराचे भले होते आहे. तीन वर्षांनी एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. मंडळाचे लोक एकदा दवाखान्यात येऊन गेले, पुन्हा आले नाहीत. पुढे एका ठिकाणी शिपायाची जागा निघाली, पण अर्जासोबत दहावीची मार्कलिस्ट मागितली होती. ती त्याच्याकडे नव्हती. आज तो हातगाडीवर भाजी विकतो. त्याच्या घरी कपाटावर तीन ढाली आहेत.

म्हणून मला वाटत होते, तो हे ऐकून चिडेल आणि पुतणीला मैदानावर पाय ठेवू देणार नाही. मी त्याला बोलावून सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तिला मैदानावरून काढू नको. मला कबड्डीने बुडवलं नाही. दप्तर टाकलं म्हणून बुडालो."

मला त्याच्या या बोलण्याने विचाराची दिशा मिळाली. खेळ की शाळा, असा प्रश्न मांडणेच चुकीचे आहे. खेळासाठी शाळा सोडायला कोण सांगतो आणि त्याचा धोका कोणाच्या अंगावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याचीच उदाहरणे घ्या. हरसूलकडच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिला घडवले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावात वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करत होता. २०१२ साली तो सैन्यात गेला आणि नौकानयन तिथे शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो उतरला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी झाला. म्हणजे वल्हे हातात आले तेव्हा तो वीस वर्षांचा होऊन गेला होता. तेराव्या वर्षी ॲकॅडमीची गाडी चुकली म्हणजे जन्म वाया गेला, असे जे आपल्याला भिववले जाते, ते खरे नाही.

आणि खेळाचे दार उघडते तिथेही कागद विचारतातच. सैन्यात जनरल ड्यूटीच्या शिपायाला दहावी लागते. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायला बारावी लागते. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्या पदाची शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही चुकत नाही. एवढेच काय, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातर्फे होणाऱ्या चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धांत उतरायचे, तरी प्रवेशअर्जावर शाळेचा शिक्का लागतो. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडागुण याच स्पर्धांतून येतात. शाळेतून नाव काढणारे मूल या शिडीवरूनही खाली उतरते. मागासवर्गीय मुलींची पाचवी ते दहावीपर्यंतची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही शाळेत जाणाऱ्या मुलीसाठीच आहे.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्यांची शाळा परिस्थितीने सुटली त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण सुटलेल्याला परत यायला केलेली ती वाट आहे. तीच दाखवून शिकत्या पोराला बाहेर काढणे बरे नव्हे.

या संदर्भात मला पळवणकर बाळूंची आठवण होते. चर्मकार समाजातला हा गोलंदाज पुण्यात साहेबांच्या जिमखान्यात राबता राबता घडला. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याने शंभरावर बळी घेतले. पण त्याच्याच संघातले सोबती त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. तरुणपणी बाबासाहेबांनाही बाळूंचा अभिमान होता, पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते समोरासमोर उभे राहिले ही गोष्ट वेगळी. टाळ्या वाजवणारा समाज आपल्याला माणूस मानतोच असे नाही, हा धडा त्या मातीच्या भांड्यात आहे.

म्हणून काय बाबासाहेब खेळाच्या विरुद्ध होते? मुळीच नाही. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी महार हॉकी क्लबही चालवला. वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी ही तिन्ही कामे एकाच सभेने केली. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर, इतरांपासून वेगळे बसून शिकलेल्या माणसाला वर्गातल्या जागेची किंमत दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. त्या जागेवरून आपले मूल आपणच उठवायचे असेल, तर दहादा विचार केला पाहिजे.

आम्ही ठरवले ते असे. मुलगी शाळेतच राहील. पहाटे साडेपाचला तिचा काका तिला मैदानावर नेतो, कारण माझी पहिली पाळी असते. तिथून तो भाजी आणायला मार्केट यार्डात जातो. मी वर्गशिक्षिकाबाईंना भेटलो. आठवड्यातून दोन दिवस पहिल्या तासाला उशीर झाला तर चालेल, पण त्या तासाचा गृहपाठ त्याच दिवशी पुरा हवा, असे त्यांनी सांगितले. मोबाइलही आम्ही वर्ज्य केलेला नाही. स्पर्धेला बाहेरगावी गेली की बुडालेला धडा ती संध्याकाळी फोनवर आईसोबत बसून बघते. शाळेच्या जोडीला मोबाइल चालेल, शाळेच्या जागी नको. शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथे चाचण्या घेऊन मुले निवडतात आणि राहणे, प्रशिक्षण व शाळा यांची सोय एकत्र असते. तिची तिथे निवड झाली तर आम्ही आनंदाने पाठवू.

हे सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. निर्णय ऐकून मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्याबरोबर धावणारी एक मैत्रीण त्या ॲकॅडमीत गेली. पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धा झाल्या. त्यात ती मैत्रीण दुसरी आली, आमची चौथी. घरी येऊन तिने बूट दाराबाहेर काढले आणि न जेवता झोपली. त्या रात्री मी जागाच होतो. आपण पोरीच्या पायात खोडा घातला का, हा विचार मनातून जाईना. तो अजूनही पुरता गेलेला नाही. पाच वर्षांनी ती मला काय म्हणेल ते मला माहीत नाही.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे काकाने सायकलची घंटी वाजवली, तेव्हा ती उठून तयार होती. पाठीवर दप्तर होते, कारण मैदानावरून तिला थेट शाळेत जायचे होते.

माझ्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. कोणी तुमच्या मुलाच्या गुणांचे कौतुक करील तर आनंद माना. ॲकॅडमी अवश्य बघा, पण फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मूल रोज कोणत्या शाळेत, किती तास बसेल? इथली किती मुले दहावी झाली? आणि उद्या मुलाचा पाय मोडला तर त्याच्या उपचाराचे आणि शिक्षणाचे काय? उत्तराऐवजी पदकांचे फोटो समोर आले, तर चहा पिऊन घरी या.

जयभीम.