घरी आलेले जनावर

तिन्हीसांजा झाल्यावर सापाचे नाव घ्यायचे नाही, असा आमच्या माहेरी नियम होता. माझे माहेर आदिलाबाद जिल्ह्यातील बेला. पैनगंगेच्या अलीकडचा हा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. गाव जागचे हलले नाही. राज्ये तेवढी बदलली. कचेरीतली उर्दू जाऊन तेलुगू आली, बाजारात गोंडीही कानावर पडे, पण घरातली मराठी तशीच राहिली आणि तिच्याबरोबर तिचे संकेतही राहिले. सापाला ‘लांबडे’ म्हणायचे, ‘जनावर’ म्हणायचे. आणि कोणाला साप चावला, तर ‘पान लागले’ एवढेच सांगायचे. नाव घेतले की ते येते, अशी समजूत. आमच्याकडे ते नाव न घेताच आले.

१९६४ सालच्या श्रावणातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. पावसाळ्यात आम्ही सारी भावंडे माजघरात ओळीने जमिनीवर निजत असू. पहाटे तो पोट दुखते म्हणून उठला. अंगावर जखम दिसेना, रक्त नाही, सूज नाही. मग त्याच्या पापण्या मिटू लागल्या आणि जीभ जड झाली. मण्यारीचा दंश असाच असतो, हे आज मला ठाऊक आहे. तिचे दात इतके बारीक, की झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तेव्हा आधी मंत्र जाणणाऱ्याला बोलावणे गेले, नंतर वडिलांनी बैलगाडी जुंपली. आदिलाबादची वाट चिखलाची आणि नाले भरलेले. गाडी दुपारी परत आली ती रिकाम्या हातांनीच म्हणायची. आईने त्यानंतर जन्मभर एकाही मुलाला जमिनीवर निजू दिले नाही, आणि घरात त्या प्रसंगाचा उच्चार कधी झाला नाही.

हे सारे सांगण्याचे कारण माझा नातू. मी आता हैदराबादेस मुलाकडे असते. नातू चौदा वर्षांचा आहे. मुले कुत्रे मागतात, मांजर मागतात, फार तर पोपट मागतात. याने मागितला बोआ. पाळायला साप! त्याच्या वडिलांनी पुरुषांचा जुना मार्ग पत्करला. ते म्हणाले, ‘‘आजीला विचार.’’ सूनबाईने फक्त माझ्याकडे पाहिले. पोर येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, ‘‘आजी, मामाआजोबांचं मला बाबांनी सांगितलं आहे. तू हो म्हणालीस तरच. नाही म्हणालीस, तर पुन्हा विषय काढणार नाही.’’

ते ऐकून मला रागावता येईना. मी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत त्याने मला एक वही वाचायला दिली. तिच्यात त्याने बोआची सारी माहिती सुवाच्य अक्षरांत उतरवून ठेवली होती. बोआ कन्स्ट्रिक्टर हे त्याचे शास्त्रीय नाव आणि इंग्रजीत व्यवहारातले नावही तेच. १७५८ साली लिनियसने ते ठेवले. हा मूळचा अमेरिका खंडातला. बिनविषारी. जन्मतः दीड फुटाच्या आसपास आणि पूर्ण वाढल्यावर सहा ते दहा फूट. मादी नरापेक्षा मोठी. आपल्याकडचा अजगर अंडी घालतो, बोआ मात्र जिवंत पिलांना जन्म देतो. शेपटाच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात. कधीकाळी त्याच्या पूर्वजांना पाय होते, त्याची ही खूण. आणि शेवटी लाल शाईने अधोरेखित केलेली ओळ : ‘चांगला सांभाळला, तर वीस ते तीस वर्षे जगतो.’ अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगून १९७७ साली मेला, अशीही नोंद त्याने केली होती.

मी त्याला विचारले, ‘‘अरे, परदेशचे जनावर कशाला? आपल्या बेल्याच्या शेतात मांडूळ निघतो. तोही बिनविषारी, तोही पिले घालणारा.’’ तेव्हा त्याने मला कायदा समजावून सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या देशातला कोणताही रानचा साप धरून घरी ठेवता येत नाही. मग मांडूळ असो, धामण असो की अजगर. मला ते ऐकून बरे वाटले. मांडुळाची या देशात जी परवड झाली आहे, ती वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचली असेलच. त्याचे शेपूट तोंडासारखे बोथट. शत्रू आला की ते पुढे करून तो डोके लपवतो. एवढ्यावरून लोकांनी त्याला दुतोंड्या ठरविले. सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, असे आमच्या लहानपणीही सांगत. ते भाबडेपण होते. पुढे गुप्तधन दाखवतो, दुर्धर रोग बरे करतो अशा थापा उठल्या, वजनावर लाखांचे भाव ठरू लागले आणि वजन वाढावे म्हणून त्या मुक्या प्राण्याच्या पोटात छर्रे घालण्यापर्यंत माणसांची मजल गेली. शेतातले उंदीर खाणारा तो गरीब जीव. त्याला विकत घेणारा आणि विकणारा दोघेही गुन्हेगार आहेत, हे आपल्या माणसांनी गावी पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

बोआची गोष्ट वेगळी. तो इथला नाही, म्हणून त्याला दुसरे नियम आहेत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले. आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असलेले असे परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी सरकारदरबारी नोंद केली पाहिजे. पिले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळविले पाहिजे. आमच्या शहरातल्या एका गृहस्थांकडे रीतसर नोंदलेली जोडी होती आणि तिची पिलेही नोंदलेली होती. कागद आधी, जनावर मागून, ही माझी पहिली अट. परदेशातून चोरून, कपड्यांच्या गाठोड्यात गुदमरवून आणलेला जीव आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नव्हता.

त्या आठ दिवसांत मला केसलापूरचा नागोबा वारंवार आठवला. आमच्या जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर आहे. मेसराम कुळातल्या गोंडांचे ते दैवत. पौष अमावास्येला तिथे मोठी जत्रा भरते. त्याआधी मेसराम मंडळी अनवाणी पायांनी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांना तेथे देवापुढे नेऊन भेटवितात. ती भेट झाली, की सून खऱ्या अर्थाने कुळातली झाली. लहानपणी वडिलांबरोबर मी ही जत्रा पाहिली होती. भाऊ गेल्यानंतरच्या पौषातही वडील केसलापूरला गेले. आईने विचारले, ‘‘ज्याच्या जातीनं पोर नेलं, त्याला हात जोडता?’’ वडील म्हणाले, ‘‘त्यानं वैर धरलं नव्हतं. अंधारात दोघांनाही दिसलं नाही.’’ तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मला आईचेच म्हणणे पटले होते. आठव्या दिवशी मी नातवाला होकार दिला, तो वडिलांच्या या वाक्याच्या आधारावर.

बाकीच्या अटी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या घातल्या. आमचे घर शाकाहारी. बोआला तर उंदीर लागतात. बर्फात गोठवलेले, मेलेले उंदीर. सूनबाईने निक्षून सांगितले, की स्वयंपाकघरातल्या फ्रिजला हात लावायचा नाही. शेवटी गॅलरीत एक जुना लहानसा फ्रिज आला आणि त्यावर नातवाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मुलाने कुलपाची अट घातली. साप फटीतून निसटण्यात वाकबगार. ज्या झाकणाला कडी नाही, ते झाकणच नव्हे. माझी अट अशी, की जनावराआधी पेटी यावी आणि ती महिनाभर रिकामी चालवून दाखवावी. त्याने ती चालवली. एका बाजूला तळाशी उबेची चकती, तिला उष्णता आपोआप तोडणारे यंत्र. त्या बाजूला बत्तीस अंश, दुसऱ्या बाजूला सव्वीस. दोन्ही बाजूंना लपायला एकेक डबा, मध्ये बसता येईल एवढे पाण्याचे भांडे. सापाचे रक्त स्वतः तापत नाही. ऊन हवे तर तो उन्हात जातो, सावली हवी तर सावलीत. म्हणून पेटीत दोन्ही ऋतू हवेत. हैदराबादच्या उन्हाळ्यात खोली तापली तर काय, वीज गेली तर काय, यांची उत्तरेही वहीत लिहून झाली. रोज सकाळ-संध्याकाळ पारा पाहून तो आकडे टिपत होता. तीस दिवसांत एकही खाडा झाला नाही, तेव्हा मला कळले, की हा हट्ट नव्हे.

साप आला तो एका कापडी पिशवीत. जेमतेम दोन फुटांचा, तपकिरी अंगावर गडद खोगिरासारखे पट्टे, शेपटाकडे विटकरी झाक. पेटीत सोडताच तो लपायच्या डब्यात गेला आणि दोन दिवस दिसला नाही. नातवाने त्याला आठवडाभर हात लावला नाही. नवी सून माहेराहून आली, तर पहिल्या दिवशी कोणी तिच्याकडून पुरण वाटून घेत नाही. जनावरालाही घर ओळखीचे व्हायला वेळ द्यावा लागतो. दहाव्या दिवशी कोमट पाण्यात उबवलेला लहान उंदीर त्याने लांब चिमट्याने पुढे धरला. एका निमिषात झडप, आणि तीन वेटोळी. मी दारातून पाहत होते. बोआ भक्ष्याचा श्वास कोंडून मारतो, असे पूर्वी पुस्तकांत लिहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निराळेच आढळले. त्या विळख्याने रक्ताचे अभिसरणच थांबते आणि उंदराचे हृदय थोड्याच वेळात बंद पडते. आमच्या घरचा उंदीर आधीच मेलेला होता. तरीही त्याने रीत सोडली नाही. खाऊन झाल्यावर दोन दिवस त्याला उचलायचे नाही, हाही नियम.

त्याचे नाव काय ठेवावे, यावर बरीच चर्चा झाली. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि सवयीने माझ्या तोंडून गेले, ‘‘लांबडं जेवलं का रे?’’ तेच नाव पडले. आता आमच्या घरात तेलुगू बोलणारे शेजारीही ‘लांबडू’ची चौकशी करतात.

तिसऱ्या महिन्यात त्याचे डोळे दुधाळ निळे झाले, रंग मळकट झाला आणि एका पहाटे त्याने नाकापासून शेपटापर्यंत अखंड कात टाकली. त्या दिवशी मी प्रथमच हात पुढे केला. तो थंड आणि ओला लागेल, असे मला सत्तर वर्षे वाटत आले होते. तो कोरडा, गुळगुळीत आणि कोमट होता. माझ्या मनगटाभोवती त्याने एक वेढा घेतला आणि तिथेच स्वस्थ राहिला. माझी भीती गेली, असे मी म्हणणार नाही. पण ती आता मण्यारीला आणि अंधाराला आहे, सापाच्या साऱ्या जातीला नाही. भीती योग्य ठिकाणी असली, म्हणजे तिचा उपयोग होतो. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासात प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते आणि ती दवाखान्यात मिळते. म्हणून बेल्याला गेले, की मी भाचरांना तीनच गोष्टी सांगते. खाटेवर निजा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बाहेर पडताना हातात विजेरी ठेवा. आणि पान लागले अशी नुसती शंका आली, तरी मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठा.

लांबडू आता तीन फुटांचा झाला आहे. पेटी पुढच्या वर्षी मोठी करावी लागेल. परवा मी नातवाची ती वही पुन्हा मागून घेतली आणि लाल शाईच्या ओळीवर बोट ठेवले. तीस वर्षे. मी तोवर नसेन. चार वर्षांनी तो शिकायला परगावी जाईल. पुढे नोकरी, लग्न. तेव्हा याचे काय? काही परदेशांत कंटाळलेल्या हौशी लोकांनी असे साप रानात सोडून दिले आणि तिथल्या पाखरांवर, लहान जनावरांवर संकट आणले, हेही त्यानेच मला वाचून दाखवले होते. तो उठला, पेन घेऊन आला आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याने तीन नावे क्रमाने लिहिली. पहिले त्याचे स्वतःचे, दुसरे वडिलांचे. तिसरे नाव पाहून मी सूनबाईला हाक मारली. तिने पान वाचले, गॅलरीतल्या फ्रिजकडे एकदा पाहिले आणि नावापुढे सही केली.