प्राचीनाच्या शेजारचें तोंड

चिनी लिपींत 'कू' असा उच्चार असलेलें एक अक्षर आहे. त्याच्या डाव्या अंगास 'वाणी' या अर्थाचें चिन्ह आहे, उजव्या अंगास 'प्राचीन' या अर्थाचें. दोन्ही मिळून अर्थ होतो, जुन्या शब्दांचा उलगडा करणें. उजवीकडील चिन्हाचा उच्चारही 'कू'च असल्यामुळें तें अर्थाबरोबर ध्वनीचेंही काम करतें. मला हें अक्षर आवडतें तें एवढ्यासाठीं कीं, वाणीच्या चिन्हांत खालीं तोंडाची आकृति आहे. प्राचीनाच्या शेजारीं येथें ग्रंथ ठेवलेला नाहीं. बोलणारें तोंड ठेवलें आहे.

यामागें चीनचा दुःखद अनुभव आहे. इ.स.पूर्व २१३ मध्यें पहिल्या सम्राटानें ग्रंथ जाळण्याची आज्ञा केली. पुढें हान घराण्याच्या राज्यांत प्राचीन राजलेखांचा अर्थ जाणणारा कोणी उरला आहे काय, याचा शोध झाला, तेव्हां फू शंग नांवाचा नव्वदी ओलांडलेला एक पंडित सांपडला. दरबारानें त्याच्याकडे शिकण्यास एक अधिकारी धाडला. परंपरा सांगते कीं, त्या वृद्धाचें बोलणें नीट उमगत नसे, म्हणून त्याची मुलगी तें पुन्हां सांगे. एका म्हाताऱ्याच्या श्वासावर आणि एका लेकीच्या कानावर केवढा ठेवा अवलंबून होता!

पुढें कोश झाले, पण कोशानें हें काम संपलें नाहीं. 'अर्-या' हा चीनचा सर्वांत जुना कोश. त्याच्या १९ प्रकरणांपैकीं पहिल्याच्या नांवांत हेंच अक्षर आहे. परंतु कांहीं शतकांत हा कोशच इतका दुर्बोध झाला कीं, क्वो पू (२७६–३२४) या विद्वानास त्यावर टीका लिहावी लागली.

खुद्द 'प्राचीन' या चिन्हाची कथाही अशीच आहे. श्यू शन यानें इ.स. १०० मध्यें ९,३५३ अक्षरांची फोड करणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. त्यांत त्यानें हें चिन्ह 'दहा' आणि 'तोंड' यांचें बनल्याचें सांगितलें. पूर्वजांचें बोलणें जाणतो, असा त्याचा भावार्थ. पुढें १८९९ मध्यें कासवांच्या कवचांवर व हाडांवर कोरलेल्या फार जुन्या लेखांकडे पंडितांचें लक्ष गेलें. तेथील रूपें पाहून वरचा भाग 'दहा' नसून ढाल असावी, असें आज अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे 'प्राचीन' या शब्दाचा उलगडाही प्राचीन होऊन बसला! तरी श्यू शनची व्युत्पत्ति मला टाकवत नाहीं. अक्षराविषयीं ती चुकली असेल. परंपरेविषयीं ती खरी आहे.

आमच्या घरच्या जुन्या हिशेबाच्या वहींत 'खंडी' शब्द आला कीं आजोबा सांगत, "वीस मण." आम्हां मुलांचें तेवढ्यानें समाधान होई. आतां माझा नातू विचारतो, "मण म्हणजे काय?" चाळीस शेर म्हणावें, तर शेरही त्याला अपरिचित! आजोबांच्या उत्तराचें मला पुन्हां उत्तर द्यावें लागतें. धान्य तेंच आहे. मापानें मोजणारी पिढी मात्र बदलली आहे. अर्थ असा वारसा आहे कीं, तो तिजोरींत ठेवून मुलांना देतां येत नाहीं. दर पिढीस स्वतःच्या शब्दांनीं तो पुन्हां मिळवून द्यावा लागतो.

१९५६ मध्यें चीन सरकारनें लिपि सोपी करण्याची योजना जाहीर केली. तींत अक्षराच्या डाव्या अंगास येणारें वाणीचें सात रेघांचें चिन्ह दोन रेघांचें झालें. लिहिणाऱ्यांचे श्रम वांचले, पण चिन्हांतील तोंड नाहींसें झालें. आज चीनमधील मूल हें अक्षर नव्या वळणानें गिरवतें. त्या जागीं पूर्वी एक तोंड होतें, हें त्याला अक्षर पाहून कळणार नाहीं. तें कोणीतरी जवळ बसून सांगितलें पाहिजे. आणि त्या सांगण्याचेंच नांव 'कू'.