उद्या ग्रँड केमन

उद्या सकाळी जॉर्जटाउन. क्रूझसाठी धक्का नाही तिथे. जहाज बाहेर नांगर टाकणार आणि छोट्या टेंडर बोटींनी किनारा गाठायचा. म्हणजे थोडा वेळ रांगेतच गेला समजायचा.

त्यात घड्याळाचा घोळ. केमन बेटं वर्षभर एकच वेळ पाळतात, फ्लोरिडा उन्हाळ्यात तासभर पुढे सरकतं. आमचं जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर, त्यामुळे किनाऱ्यावरच्या बोटवाल्याचे दहा म्हणजे आमचे अकरा. मोबाइल आपोआप वेळ बदलेल, म्हणून मनगटी घड्याळच खरं मानायचं.

जहाजाची सहल महाग, पण ती उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरची स्वस्त, चुकलात तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. तरी माझं मन बाहेरच्या छोट्या बोटीकडेच ओढतंय. गर्दीत स्नॉर्कलिंग केलं की माशांपेक्षा माणसांचे पायच जास्त दिसतात.

आईसाठी स्टिंगरे सिटी. नॉर्थ साउंडमधला वाळूचा पट्टा, कमरेएवढं पाणी, भोवती पाकट. पूर्वी मच्छीमार तिथे मासे साफ करून घाण पाण्यात टाकत, तिच्या ओढीने हे पाकट जमू लागले. पाय उचलायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, असं मी आईला समजावलं.

"शेपटीला काटा असतो ना रे त्यांच्या?"

असतो. पण पाय पडला नाही तर सहसा वापरत नाहीत.

मला प्रवाळ हवेत, म्हणून परतल्यावर ईडन रॉक. तिथे बोटही नको, किनाऱ्यावरून थेट पाण्यात. फक्त शेवटच्या टेंडरच्या तासभर आधी बाहेर पडायचं.