मागील बाकी

माझ्यावर एका पैशाचे कर्ज आहे. हसू नका, ते चांगले सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचे जुने आहे.

सावकार माझा बालमित्र. साताऱ्यात त्याच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते आणि बेरीज-वजाबाकी तो शाळेत येण्याआधी गल्ल्याशेजारी बसूनच शिकला होता. आम्ही एका बाकावर बसत असू. गणिताच्या तासाला मी त्याच्या वहीत डोकवावे, मराठीच्या तासाला त्याने माझ्या.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आण्याचे खरे सव्वासहा व्हायचे. पण पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून तक्ता ठरला : एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९, चारांचे २५. वडीलधारी माणसे वैतागली, आम्हां पोरांना गंमत वाटली. शाळेबाहेरच्या बोरांपायी मी त्याच्याकडून चार वेळा एकेक आणा उसना घेतला होता. आईकडून खाऊला पैसे मिळतील तसे सहा-सहा करून चार वेळा फेडले आणि सुटलो म्हटले. तो शांतपणे म्हणाला, "चार आण्यांचे पंचवीस. तू दिलेस चोवीस. एक बाकी."

तो पैसा मी दिला नाही. आधी हट्टाने, मग सवयीने.

मॅट्रिकनंतर तो दुकानात बसला, मी कॉलेजसाठी पुण्याला आलो. पुढच्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले. शिक्षण सोडायचे ठरवून, पुण्यातले सामान आणायला मी निघालो. एस. टी. स्टँडवर तो आला, शेंगदाण्यांची पुडी हातात कोंबली आणि गाडी सुटेपर्यंत पावसापाण्याचे बोलत राहिला. शिरवळला पुडी सोडली. वर शेंगदाणे, खाली नोटा. १५० रुपये. माझे कॉलेज सुटले नाही.

पहिल्या पगारावर ते परत करायला गेलो, तेव्हा त्याने खतावणीच पुढे केली. माझ्या नावावर एकच ओळ : 'मागील बाकी, १ पैसा.'

"वहीत आहे तेवढंच मी घेतो," तो म्हणाला.

माझ्या खिशात सुटा पैसा होता. मी दिला नाही.

दर पाडव्याला तो नव्या वहीत ती बाकी पुढे ओढी आणि मला कार्ड टाकी. एक ओळ शुभेच्छांची, एक तगाद्याची. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून गेली. आता तरी सुटलो, असे वाटले. पाडव्याला ५० पैशांचे कार्ड आले : 'सरकारने नाणे बंद केले. बाकी बंद केलेली नाही.'

गेल्या वर्षी श्रावणात तो गेला. पाडव्याला कार्ड येणार नव्हते, म्हणून मीच साताऱ्याला गेलो. जुन्या डबीतला, तांबूस रंगाचा एक नवा पैसा बरोबर घेतला होता. दुखवट्याचे वर्ष; दारात आकाशकंदील नव्हता. पण वही बदलावीच लागते. त्याचा मुलगा गादीवर बसून खाती उतरवीत होता. माझ्या नावाशी येऊन तो थांबला.

"काका, ही बाकी पुढे ओढू?"

नाणे माझ्या मुठीत होते. या एका पैशासाठी तो दर दिवाळीला माझी आठवण काढीत आला. त्या दीडशे रुपयांची मात्र त्याने जन्मात एकदाही काढली नाही.

"ओढ," मी म्हणालो.